वस्तीच्या आठवणी भिंतीवर आणताय? या चुका टाळा

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळीत, जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. पाडकामाआधी आपला इतिहास भिंतीवर यावा म्हणून बरीच तरुण मंडळी पुढे येतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. अशा काही कामांत मी रंगाचे डबे उचललेत, आजी-आजोबांशी तासन्‌तास बोललोय. कुठे फसलो, ते सांगतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे चित्र आधी ठरवणं. उगारलेली मूठ, मागे गिरणीची चिमणी, खाली १९८२. लोकांनी येऊन फक्त रंग भरायचा. १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे गिरणगावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण एकाच मजल्यावर एक जण शेवटपर्यंत बाहेर राहिला आणि शेजारचा पोरांच्या फीसाठी कामावर परतला, असंही झालंय. मूठ रंगवली की त्या दुसऱ्या घराचं दार बंद होतं. आमच्या एका कामात एक आजोबा रोज खुर्ची टाकून बघत बसायचे, चकार शब्द बोलायचे नाहीत. का, ते आम्हाला रंग वाळल्यावर कळलं.

त्यानंतर आम्ही आधी चाळीच्या पॅसेजमध्ये खडूने नुसता रस्ता आखायला लागलो आणि खडू लोकांच्या हातात द्यायला लागलो. गिरणीचं गेट कुठे, नळ कुठे, व्यायामशाळा कुठे, गावकऱ्यांची खोली (एकाच गावची माणसं मिळून राहायची ती) कुठली, ते त्यांनी काढायचं. खानावळ चालवलेल्या एक मावशी गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. ओटा काढला, पंगतीच्या जागी खडे मांडले. “हे पहिल्या पाळीचे, हे दुसऱ्या.” मग त्यातले सात-आठ खडे उचलून बाजूला ठेवले. संपात गावी गेलेली, उधारी राहिलेली माणसं होती ती. शेवटी भिंतीच्या मधोमध त्यांची उधारीची वही आली.

“तुमच्या आठवणी सांगा” असं विचारू नका, भाषण मिळतं. “गिरणीचा भोंगा झाला की घरात पहिलं काय व्हायचं?” असं विचारा. आणि मंडळाच्या अध्यक्षांपाशीच थांबू नका. दुपारी, पाणी भरून झाल्यावर बायका मोकळ्या असतात, तेव्हा जा.

दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर मध्यस्थी करायला जाऊ नका. तारीख, आकडा चुकला तर कागदपत्रं बघून जरूर सुधारा. पण गेटवर त्या दिवशी कोण कसं वागलं, याच्या दोन हकिकती असतील तर दोन्ही रंगवा, शेजारी-शेजारी.

जुने फोटो घरी नेऊ नका. मी एकदा स्कॅनसाठी एक फ्रेम नेली आणि फोटो काचेला चिकटलेला बघून तो सोडवायला गेलो. चेहऱ्याचा थर काचेवरच राहिला. त्या घरात तो एकच फोटो होता. आता मी तिथल्या तिथे, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढतो. चिकटलेला असेल तर काचेवरूनच, जरा तिरकं धरून.

भिंतीचं थोडक्यात. रंगाला पोपडे येतात ते बहुतेक ओलीमुळे. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर ती भिंत अजून रंगवायची नाही. पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर काम काढलेलं बरं. गणपतीआधी रंगवाल तर मंडपाच्या कापडाआड चित्र झाकलं जाईल. परवानगी लेखी घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

आणि इमारत पाडणार हे ठरलेलं असेल तर चित्राचं काय होणार, हे पहिल्याच बैठकीत बोला. आम्ही प्रत्येक घराला चित्राची छापील प्रत देतो, मागे त्या घराने सांगितलेली हकिकत. त्या मावशींनी त्यांची प्रत उधारीच्या वहीतच ठेवलीय.