बजेटच्या सभेत बोललं म्हणजे मिळालं, असं समजू नका

नागपूर महापालिकेची माझी पहिली बजेट सभा महालातल्या टाऊन हॉलमध्ये झाली. प्रेक्षकांच्या बाजूला मांडीवर वही घेऊन बसले होते. खाली आमच्या ताई, म्हणजे ज्यांच्या कार्यालयात मी काम करायचे त्या नगरसेविका, उभ्या राहिल्या आणि नाल्याच्या संरक्षक भिंतीसाठी चाळीस लाख मागितले. चांगलं बोलल्या. भाषण मी लिहिलं होतं, त्यामुळे एकेक वाक्य मला पाठ होतं. समोरच्या बाकांवरून होकाराच्या माना हलल्या, बाकं वाजली. मी तिथूनच वस्तीतल्या तिघांना फोन लावले : भिंत मंजूर झाली.

पुढच्या मार्चपर्यंत त्या भिंतीची एक वीटही लागली नाही. पावसाळ्यात नाल्याचं पाणी ज्या घरांत शिरलं, त्याच घरांत मी फोन केले होते.

नगरसेवकांच्या कार्यालयात नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते, म्हणजे बजेट मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. त्या काळात कामाला लागलेल्यांनी सभागृहातलं बजेट पाहिलेलंच नाही, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांतले बरेच दुसऱ्या कामाला लागले. सगळं सांगत बसत नाही. १५१ सदस्य, ३८ प्रभाग, दहा झोन, १६ जणांची स्थायी समिती हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी ज्या खड्ड्यात पडले तो तेवढा नीट दाखवते.

आधी क्रम थोडक्यात. आयुक्त चालू वर्षाचं सुधारित आणि येत्या वर्षाचं प्रस्तावित अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात फेरफार करून आपलं अंदाजपत्रक तयार करते आणि सभापती ते सभागृहात मांडतात. बससेवेचं वेगळं असतं, ते परिवहन समितीकडून येतं. सभागृह चर्चा करतं, दुरुस्त्या करतं, मंजुरी देतं किंवा फेरविचारासाठी स्थायीकडे परत पाठवतं. कायद्यानं हे ३१ मार्चच्या आत व्हायला हवं. आपल्याकडे सभापतींचं बजेट जूनमध्ये आल्याची वर्षं मी पाहिली आहेत. उशीर झाला की कामं करायला मिळणारे महिने कमी होतात, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. जूनमध्ये मंजुरी, मग बजेटच्या पुस्तिकेची अंतिम प्रत, मग प्राकलन म्हणजे खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, निविदा. कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, हातात पडेपर्यंत दिवाळी उलटून जाते.

आता तो खड्डा.

सभागृहात सदस्य जे बोलतो ती सूचना असते. बजेटमध्ये बदल होतो तो उपसूचनेनं, आणि उपसूचना म्हणजे कागद. त्यावर सूचकाचं नाव हवं, अनुमोदकाचं हवं, दोघांच्या सह्या हव्यात. काम कुठलं, रक्कम किती, ती कुठल्या लेखाशीर्षात (बजेटमधल्या खर्चाच्या क्रमांकित ओळीत, बोलीत 'हेड') वाढवायची आणि कुठल्या लेखाशीर्षातून कमी करायची, हे चारही त्यात हवं. माझ्या ताईंच्या भाषणात पहिल्या दोन गोष्टी होत्या. उरलेल्या दोन असतात हेच मला माहीत नव्हतं. त्यामुळे कार्यवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, आमची भिंत 'सदस्यांनी केलेल्या सूचना विचारात घेऊन' या पाच शब्दांत मिटून गेली. बजेट 'सूचनांसह मंजूर' झालं होतं आणि मी त्या 'सूचनांसह'वर जीव टाकून बसले होते.

ऑगस्टमध्ये फाइल कुठे अडली ते विचारायला मी लेखा विभागात गेले. तिथल्या एका जुन्या लिपिकांनी चष्मा वर केला. "काहून गं पोरी, हेड कोणता टाकला होता?" मी म्हणाले, नाल्याची भिंत. ते म्हणाले, "ते कामाचं नाव झालं. मी हेड विचारून राहिलो." मग त्यांनी पुस्तिका उघडून माझ्यासमोर ठेवली आणि अर्धा तास एकेक रकाना समजावला. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते आधीच्या आठ महिन्यांत कळलं नव्हतं.

लेखाशीर्ष म्हणजे नुसतं नाव नाही. पैसा त्याच दारातून बाहेर पडतो. चालू वर्षाच्या बजेटमध्ये तरतूद नसेल तर आयुक्तांनाही महापालिका निधीतून रक्कम देता येत नाही. अभियंता प्राकलन करतो, फाइल वर जाते आणि लेखा विभाग एकच प्रश्न विचारतो : कुठल्या हेडखाली, आणि तिथे शिल्लक किती? उत्तर नसेल तर फाइल तिथेच थांबते. कुणाच्या मनात खोट असतेच असं नाही. नियमच तसा आहे.

हेड सापडला तरी हुरळून जाऊ नका. समजा नाल्यांच्या भिंतींच्या हेडखाली पाच कोटी दाखवले आहेत. आकडा भरघोस वाटतो. पण मागच्या वर्षी कार्यादेश निघालेली, काम झालेली आणि बिलं राहिलेली कामं याच हेडमधून फेडायची असतात. ते देणं समजा चार कोटी वीस लाख असेल, तर नव्या कामांना उरले ऐंशी लाख, आणि त्यावर दहा झोनचे डोळे. म्हणून 'प्रस्तावित' रकान्याच्या आधी मागच्या वर्षाचा 'प्रत्यक्ष' रकाना पाहा, मग 'सुधारित', आणि मग संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे जाऊन जुनं दायित्व विचारा. हा आकडा पुस्तिकेत एका जागी सापडत नाही, माणसांना विचारावा लागतो. मी पहिल्या वर्षी फक्त प्रस्तावित वाचलं होतं.

'कुठून वजा' हा मुद्दा बहुतेक नवे लोक टाळतात, कारण त्यात कुणाचं तरी काम कापावं लागतं आणि वाईटपणा येतो. पण ते लिहिलं नाही तर काय होतं ते बघा. करांचे दर ठरवायची कायद्यातली मुदत २० फेब्रुवारीची आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ९९ वाचा. म्हणजे तुम्ही सभेत उभे राहता तेव्हा कर वाढवून पैसा आणायची वाट बंद झालेली असते. तुटीचं बजेटही मांडता येत नाही. मग वाढवलेली प्रत्येक रक्कम कुठून तरी यायला हवी. कुणीच कपात सुचवली नाही तर उत्पन्नाची बाजू फुगवली जाते : मालमत्ता कराची वसुली जास्त धरा, नगररचनेचं शुल्क जास्त धरा. कागदावर सगळ्यांना सगळं मिळतं. डिसेंबर-जानेवारीत वसुलीचा खरा आकडा समोर येतो आणि सुधारित अंदाजपत्रकात आधी कापली जातात ती कार्यादेश न निघालेली कामं. नव्या सदस्याचं काम बहुतेक वेळा त्यातच असतं.

म्हणून उपसूचना अशी लिहा : 'अमुक क्रमांकाच्या लेखाशीर्षातील तरतूद चाळीस लाखांनी वाढवून तमुक क्रमांकाच्या लेखाशीर्षातून तेवढीच रक्कम कमी करण्यात यावी, वाढीव रक्कम प्रभाग क्रमांक अमुकमधील अमुक नाल्याच्या संरक्षक भिंतीसाठी वापरण्यात यावी.' विशेषणं नकोत, वस्तीच्या हालांचं वर्णन नको. ते भाषणात येऊ द्या. दोन प्रती काढा, एक निगम सचिवांच्या कार्यालयात द्या, दुसरीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि कमी करायचा हेड निवडताना मागच्या तीन वर्षांत ज्यातला पैसा खर्चच झाला नाही असा हेड शोधा. त्याला फारसा कुणी विरोध करत नाही.

मतदानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०१७ च्या सभागृहात एका पक्षाचे १०८ सदस्य होते. अशा वेळी बजेटवर हात मोजायची पाळी सहसा येत नाही. समसमान मतं पडली तर महापौरांचं निर्णायक मत असतं. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्य बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत, त्यामुळे उपसूचनेवर अनुमोदक म्हणून निवडून आलेल्या सदस्याचीच सही घ्या. खरा निर्णय मात्र सभेच्या आधी पक्षाच्या बैठकीत आणि स्थायी समितीत होतो. तुमचं काम तिथे आदल्या महिन्यात पोचलं नसेल तर सभेच्या दिवशी चमत्कार होत नाही. आणि तुम्ही विरोधी बाकांवरच्या सदस्याकडे असाल, तर 'फेटाळणारच आहेत' म्हणून कागद देणं सोडू नका. लेखी उपसूचना फेटाळली गेली तरी तिची नोंद राहते. पुढच्या वर्षी तोच कागद दाखवून विचारता येतं, आणि मी ते होताना पाहिलं आहे.

आता माझी ठाम मतं. पटली तर घ्या.

सभापतींचं भाषण वाचून बजेट कळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या चौकटीतून तर नाहीच. हल्ली पुस्तिकेचे फोटो काढून मोबाईलकडून सारांश मागवणारी मुलं दिसतात. त्यांना मी कळकळीनं सांगते, करू नका. तुमच्या कामाचा हेड सारांशात येणारच नाही, कारण शहराच्या हिशेबात तो फार लहान आहे. तो शोधायला बोट लावून पानं उलटावी लागतात.

गुरूही जपून निवडा. "मी बघतो ना, तू टेन्शन नको घेऊ" म्हणत फोन लावणारा माणूस पहिल्या महिन्यात देवासारखा वाटतो. त्याच्या फोननं एखादा खड्डा बुजेल, बजेटची ओळ तयार होत नाही. दुसरे म्हणजे जुने मुरलेले. त्यांच्याकडून सभागृह शिका : कोण कधी उठतो, विषय कधी मागे पडतो, सभा तहकूब होणार हे कसं ओळखायचं. कलमं मात्र त्यांच्या तोंडून घेऊ नका. नागपूरला २०१२ पर्यंत स्वतःचा वेगळा, १९४८ चा कायदा होता. आता १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. काहींच्या तोंडी अजून जुनीच कलमं आहेत. पैशाबद्दलचा त्यांचा अंदाजही जुन्या काळातला असतो. जकात होती तेव्हा नाक्यावर रोज पैसा जमायचा. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली, २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईचं अनुदान राज्याकडून येतं. तिजोरीचा मोठा भाग आता मुंबईहून येणाऱ्या रकमेवर चालतो. "पैसा येतोच की बाप्पा" हे वाक्य त्या नाक्यांच्या काळातलं आहे.

पुस्तिका पहिल्यांदा हातात घ्याल तेव्हा काही कळणार नाही. घाबरू नका, मलाही तीन दिवस काही कळलं नव्हतं. मी बी.ए. मराठी आहे, हिशेबाशी माझा संबंध शाळेतच सुटला होता. सगळं बजेट समजून घ्यायचा हट्ट सोडा. एक हेड निवडा, तुमच्या प्रभागाला लागणारा. महापालिकेच्या संकेतस्थळावरची जुनी अंदाजपत्रकं काढा आणि त्या एका हेडचे पाच वर्षांचे आकडे वहीत एकाखाली एक लिहा : प्रस्तावित किती, सुधारित किती, प्रत्यक्ष किती. दोन संध्याकाळी जातील. त्या हेडबद्दल तुमच्याइतकं सभागृहात क्वचितच कुणाला माहीत असेल, आणि हे मी दिलासा म्हणून नाही, खरंच सांगते.

एक कडू गोष्टही सांगते. या कामात पगार थोडा आणि बेभरवशाचा असतो. निवडणूक हरली की काम संपतं. मार्च २०२२ नंतर मी सात महिने घरी होते. शिक्षण अर्धवट सोडून पूर्ण वेळ यात उडी घेऊ नका.

दुसऱ्या वर्षी आम्ही उपसूचना लेखी दिली, पोच घेतली. बजेट मंजूर झालं. मी फोन केले नाहीत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत मागील सभेचं कार्यवृत्त कायम करण्याचा विषय होता. हा विषय मिनिटभरात संपतो, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण दुरुस्ती करून घ्यायची ती तेवढ्याच मिनिटात. आदल्या रात्री मी ते कार्यवृत्त माझ्या प्रतीशी शब्दाला शब्द लावून वाचलं. रक्कम बरोबर होती, लेखाशीर्षाच्या क्रमांकात दोन आकडे उलटे पडले होते. सकाळी ताईंना पोच दाखवली. त्या विषय पुकारताच उभ्या राहिल्या, क्रमांक वाचून दाखवला, दुरुस्ती नोंदवून घेतली आणि खाली बसल्या. त्या दिवशी बाकं वाजली नाहीत.

कार्यादेश जानेवारीत निघाला. त्याची झेरॉक्स हातात आल्यावर मी वस्तीतल्या त्याच तिघांना फोन लावले.