एक कनेक्शन, अनेक प्रोग्रॅम: पोर्टच्या बाबतीत या चुका टाळा

ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ कॉल हे सगळं एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर, चालतं. आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) कोणत्या प्रोग्रॅमचं, हे विंडोजमधलं टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्क सांभाळणारं, सॉफ्टवेअर पोर्ट क्रमांकावरून ओळखतं. पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं नंबर दिलेलं दार. बाहेर जाणाऱ्या प्रोग्रॅमला ते 49152 ते 65535 मधला एखादा तात्पुरता पोर्ट देतं, म्हणून दोन ब्राउझर एकाच साइटवर खुशाल चालतात. सर्व्हरला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मागण्यांना उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र ठरलेला पोर्ट लागतो, आणि खरी भांडणं तिथेच होतात.

अपाची हा वेब सर्व्हर सुरू होत नाही, 10048 ही एरर येते. अशा वेळी अपाची काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. पोर्ट 80 आधीच कोणीतरी धरलेला असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटस्टॅट -एएनओ' (netstat -ano) चालवा. लोकल ॲड्रेसच्या शेवटी 80 आणि पुढे 'लिसनिंग' (ऐकतोय) असलेली ओळ शोधा. शेवटच्या रकान्यातला आकडा म्हणजे पीआयडी, चालू प्रोग्रॅमचा ओळख क्रमांक. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये त्याचं नाव सापडतं. पीआयडी 4 निघाला, तर ती विंडोजची सिस्टिम प्रोसेस आहे. ती मारायच्या भानगडीत पडू नका. बहुतेकदा आयआयएस हा विंडोजचाच वेब सर्व्हर चालू असतो. 'सर्व्हिसेस'मधून वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस थांबवा, किंवा अपाचीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'लिसन 80'चं 'लिसन 8080' करा आणि ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे :8080 लिहा.

10013 ही एरर जास्त फसवी. नेटस्टॅटमध्ये पोर्ट मोकळा दिसतो, तरी मिळत नाही, आणि लोक अँटीव्हायरसला दोष देतात. हायपर-व्ही (विंडोजमध्ये आभासी कॉम्प्युटर चालवणारी सोय) चालू असेल तर विंडोज पोर्टचे गठ्ठेच्या गठ्ठे राखून ठेवतं. 'नेटश इंटरफेस आयपीव्ही4 शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी' (netsh interface ipv4 show excludedportrange protocol=tcp) ही कमांड चालवून राखीव पोर्टची यादी पाहा आणि त्याबाहेरचा पोर्ट निवडा.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर साइट उघडते, शेजारच्यावर नाही? नेटस्टॅटमध्ये 127.0.0.1:8080 दिसत असेल तर सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतोय. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 0.0.0.0 द्या, म्हणजे तो सगळ्या पत्त्यांवर ऐकेल. डेटाबेसला मात्र हे करू नका, तो 127.0.0.1 वरच सुरक्षित.

तरीही उघडली नाही तर लोक अख्खा फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारं सॉफ्टवेअर) बंद करतात. ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण त्याने बाकीचे सगळे ऐकणारे पोर्टही उघडे पडतात. फायरवॉलच्या इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्या जोडण्यांचे नियम) टीसीपी 8080 पुरता एकच नियम करा आणि तो फक्त 'प्रायव्हेट' नेटवर्कला लावा. तुमचं वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर हा नियम लागूच होणार नाही, तेवढं आधी तपासा.