"चढतंय का उतरतंय?": मिरजेच्या लॅबमध्ये बायोमार्कर शिकताना

एमएस्सी बायोटेक करून मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, तेव्हा डोक्यात जीन सिक्वेन्सिंग होतं. हातात आला मायक्रोटोम, म्हणजे गाठीच्या तुकड्याचे अगदी पातळ काप काढायचं यंत्र. लॅबमधले काका म्हणाले, "पोरी, आधी तीन मायक्रॉनची पट्टी न फाटता काढ, मग जीन वाच." पहिले सहा महिने मी मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉकच कापत होते. मनातून चिडलेही होते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी आता काकांचंच वाक्य ऐकवते.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये कोणतं औषध लागू पडेल, हे सांगणारे मार्कर, म्हणजे रक्तातल्या किंवा गाठीतल्या खुणा, बरेच आहेत. नवखी मुलं त्यांची यादी पाठ करतात. त्यापेक्षा कोणता मार्कर कोणत्या काळाबद्दल बोलतो, हे समजून घ्या. मला ते कळलं पुरामुळे.

सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी विचारतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पण ४२ फूट ऐकून कुणी थांबत नाही, पुढचा प्रश्न ठरलेला: "चढतंय का उतरतंय?" सीए-१२५ हा रक्तातला मार्कर असाच वाचायचा. ३५ ही नेहमीची सीमा, पण पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, पोटातल्या टीबीतही आकडा तिच्यावर जातो. केमो सुरू झाल्यावर खरी माहिती उताराच्या वेगात असते. केलिम नावाचं गणित त्यावरच उभं आहे. केमोच्या पहिल्या १०० दिवसांतले किमान ३ आकडे घेऊन हा वेग काढतात. स्कोअर १ किंवा त्याहून जास्त आला, तर गाठ केमोला चांगली दाद देते आहे असं धरतात.

गणित वेबसाइटवर दोन मिनिटांत होतं. अवघड असतं ते आकडे मिळवणं. जतची बाई पहिली तपासणी मिरजेत करते, दुसरी गावाजवळ, तिसरी लेकीकडे सोलापूरला. प्रत्येक ठिकाणी किट वेगळं, त्यामुळे आकडे एका रेषेत बसत नाहीत. एकाच लॅबमध्ये, तारखेसकट, हे पेशंटला समजावून सांगणं हेही आपलंच काम.

एचआरडीची, म्हणजे डीएनए दुरुस्तीतल्या बिघाडाची, गोष्ट उलटी. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की बिनचूक जोडणारी एक यंत्रणा पेशीत असते. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ हे तिचे मुख्य कारागीर. ते बिघडले की कार्बोप्लॅटिनसारखी केमोची औषधं जास्त लागू पडतात, आणि ओलापॅरिबसारखी पार्प (डीएनए दुरुस्तीतलंच आणखी एक एन्झाइम) रोखणारी औषधंही. २०१८ साली आलेल्या सोलो-१ चाचणीत बीआरसीएमध्ये बिघाड असलेल्या आणि पहिल्या केमोला दाद दिलेल्या बायका होत्या. ओलापॅरिब घेणाऱ्यांमध्ये आजार पुन्हा वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी दिसला.

पण एचआरडीचा स्कोअर (एका प्रसिद्ध टेस्टमध्ये ४२ ही सीमा आहे) यंत्रणा आज बिघडलेली आहे का, हे मोजत नाही. बिघाडामुळे डीएनएवर उमटलेले व्रण मोजतो. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्याची खूण भिंतीवर राहिली. ती बघून आज नदीत किती पाणी आहे ते कळतं का? उपचारांदरम्यान काही गाठींमध्ये बीआरसीएचा बिघाड पुन्हा दुरुस्त होतो, औषध चालेनासं होतं, व्रण मात्र तसेच राहतात. हे मुलाखतीत सांगता आलं तर समोरचा खुर्चीत सरसावून बसतो, स्वानुभव आहे.

आयएचसी (पट्टीवरची प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) आवडत असेल तर फोलेट रिसेप्टर अल्फा या पेशीवरच्या प्रथिनाबद्दल नक्की वाचा. मिरव्हेटक्सिमॅब हे औषध देण्यासाठी किमान ७५ टक्के गाठीच्या पेशींवर मध्यम ते गडद रंग यावा लागतो. पट्टी जाड कापली तर रंगही फसवतो.

आता माझी चूक. एका शनिवारी संध्याकाळी ऑपरेशनमधून गाठ आली. नारळाएवढी गाठ, बरणी जेमतेम तेवढीच, फॉर्मॅलिन (गाठ टिकवणारं द्रावण) तळाशी. मी नोंद केली, बरणी फडताळात ठेवली आणि शेवटची बस पकडली. ग्रॉसिंगच्या, म्हणजे गाठ कापून तुकडे निवडणाऱ्या, डॉक्टरांना फोन करायला हवा होता. गाठ पावासारखी कापून दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवली असती तर निभावलं असतं. सोमवारी आतला भाग लिबलिबीत झाला होता. कॅन्सरचं निदान झालं, पण एचआरडीला पाठवलेला ब्लॉक परत आला: डीएनए अपुऱ्या दर्जाचा. रक्तातून बीआरसीए तपासलं, बिघाड नव्हता. पण रक्तात दिसतो तो जन्मजात बिघाड, फक्त गाठीत झालेला दिसत नाही. तोवर केमो सुरू झाली होती, आणि त्या बाईच्या गाठीचा प्रश्न उघडाच राहिला.

त्यानंतर मी स्वतःला लावून घेतलेली सवय म्हणजे केमोआधीच्या बायोप्सीचा ब्लॉक नंबर शोधून फाइलवर लिहिणं. केमोनंतर काढलेल्या तुकड्यात कधीकधी गाठीच्या पेशी इतक्या थोड्या उरतात की टेस्ट होत नाही. हे कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हतं. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलेल्या मुलींना ते एमएस्सीवाल्यांपेक्षा लवकर उमगतं, असं माझं मत.

परवा कवठेमहांकाळहून एक काका बायकोचे सीए-१२५चे दोन रिपोर्ट घेऊन आले. ६४०, मग २१०. "ताई, उतार लागलाय न्हवं?" मी म्हटलं, "लागलाय, काका. तिसरा आकडा येऊ दे, डॉक्टर वेग काढतील. रक्त मात्र इथंच द्यायला आणा त्यांना." त्यांनी खिशातल्या डायरीत तारीख लिहून घेतली.