कपाटातलं चित्र मागवून बघायचं कसं

मुलांकडे सहा महिन्यांसाठी बॉस्टनला येणाऱ्या आई-वडिलांचे पहिले तीन आठवडे भुर्रकन जातात. नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं. मग लेक-जावई कामाला लागतात आणि आपण खिडकीशी बसतो. मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. त्यामुळे माझे पाय आपसूक संग्रहालयाकडे वळले. पण भिंतीवरची चित्रं बघून घरी येण्यापलीकडे तिथे काही करता येतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला ते आधीच कळावं म्हणून हे लिहितो आहे.

बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमधल्या हार्वर्ड आर्ट म्युझियम्समध्ये सुमारे अडीच लाख वस्तू आहेत. भिंतीवर त्यातला अगदी थोडा भाग असतो. बाकीचं सगळं पेट्यांत आणि कपाटांत. त्यातलं एखादं चित्र आपण आधी कळवून मागू शकतो. ठरल्या दिवशी ते बाहेर काढून आपल्यासमोर ठेवलं जातं. त्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही, विद्यापीठाचं ओळखपत्रही लागत नाही. चौथ्या मजल्यावर 'आर्ट स्टडी सेंटर' आहे, ते याच कामासाठी.

जायचं सोपं आहे. मेट्रोच्या रेड लाइनने हार्वर्ड स्टेशन, तिथून चालत काही मिनिटांवर ३२ क्विन्सी स्ट्रीट. २०२३ पासून प्रवेश सर्वांना मोफत आहे. सोमवारी बंद.

पहिल्या फेरीत काही मागू नका. नुसते फिरा आणि चित्राशेजारच्या पाटीवरचा नोंद क्रमांक वाचायची सवय लावा. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपला चित्रकार मित्र गोगँसाठी रंगवलेलं, हिरव्या पार्श्वभूमीचं स्वतःचं चित्र इथे आहे. त्याचा क्रमांक १९५१.६५. पहिला आकडा म्हणजे ते संग्रहात आलं ते वर्ष, दुसरा त्या वर्षातला अनुक्रम. आपल्याकडच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखंच. हा क्रमांक त्या वस्तूचं खरं नाव. चित्रांची शीर्षकं बदलतात, चित्रकाराबद्दलचं मत बदलतं, क्रमांक तोच राहतो. मागणी करताना तोच द्यायचा.

आता, इतकी चित्रं आत का ठेवतात? जागा कमी म्हणून, असं मला वाटायचं. खरं कारण मला २०१५ च्या जून महिन्यात याच इमारतीत समजलं. मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराने हार्वर्डच्या एका इमारतीतल्या भोजनकक्षासाठी पाच प्रचंड चित्रं केली होती. १९६४ मध्ये ती तिथे लावली. खोलीला मोठाल्या खिडक्या, आणि त्याने वापरलेल्या रंगात लिथॉल रेड नावाचा, उजेडात न टिकणारा लाल. पंधरा वर्षांत किरमिजी रंग उडून चित्रं फिकट पडली आणि १९७९ मध्ये ती उतरवून अंधारात ठेवावी लागली. त्यांवर नव्याने रंग चढवणं योग्य नव्हतं, कारण मग ती रॉथकोची राहिली नसती. तेव्हा इथल्या लोकांनी जुन्या रंगीत फोटोंवरून मूळ छटा शोधल्या आणि प्रोजेक्टरने चित्रावर नेमका तेवढाच रंगीत उजेड टाकला, जेवढा रंग उडाला होता. रोज दुपारी ४ वाजता ते प्रोजेक्टर बंद करत. मी तिथे उभा होतो. दाट किरमिजी भिंत डोळ्यांदेखत राखाडी झाली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी वर्गात कितीदा सांगितलं असेल की रंग उन्हात ठेवू नका, पण त्या दिवशी ते वाक्य मला स्वतःला कळलं.

कागदावरची चित्रं तर याहून नाजूक. ती साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) मंद उजेडात काही महिने लावतात आणि मग बराच काळ अंधारात विसावू देतात. म्हणून एखादं लघुचित्र आज भिंतीवर नसेल, तर त्याला कमी लेखून आत टाकलंय असं समजू नका. त्याचं आयुष्य वाढावं म्हणूनच ते आत आहे.

मागणीचं काम घरबसल्या होतं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर संग्रहाचा शोध आहे. मी 'कोटा', 'डेक्कन', 'एलिफंट' असे शब्द इंग्रजीत घालतो. स्पेलिंग चुकलं तर लेक दुरुस्त करते. चित्र भिंतीवर असेल तर नोंदीत दालन दिलेलं असतं. भारतीय रेखाटनांचा इथला साठा मोठा आहे, कारण स्टुअर्ट केरी वेल्च हे जाणकार अभ्यासक इथेच क्युरेटर होते आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेली कितीतरी रेखाटनं या संग्रहात आली. राजस्थानातल्या कोटा दरबारचे हत्ती बघाच.

पहिल्या वेळी मी २२ चित्रांची यादी पाठवली. मुघल, इराणी, जपानी, जे दिसलं ते. यादी कमी करा, असं नम्र उत्तर आलं, आणि ते बरोबरच होतं. प्रत्येक चित्र कुणीतरी कपाटातून शोधून, हाताने उचलून आणायचं असतं. आता मी सहा मागतो. सहाही एका धाग्यातली: सगळे हत्ती, किंवा सगळी अर्धवट राहिलेली रेखाटनं. सोबत दोन ओळींत लिहितो की मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे आणि मला रेषा बघायची आहे. एवढं कारण पुरतं. तीन सोयीच्या तारखा द्या आणि दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून कळवा. एखादं चित्र दुसऱ्या गावी प्रदर्शनाला गेलेलं असेल किंवा दुरुस्तीत असेल, तर नाही म्हणतील. त्याऐवजीचं एक नाव आधीच देऊन ठेवा.

त्या दिवशी फक्त पेन्सिल न्या. शाईचं पेन तिथे चालत नाही, आणि शर्टाच्या खिशातलंही काढून ठेवा, कारण चित्रावर वाकलं की तेच आधी पडतं. पिशवी, कोट, पाण्याची बाटली बाहेर. हात धुवा. सैल बांगड्या, लोंबणारं मंगळसूत्र, गळ्यातली चष्म्याची दोरी, यांची काळजी घ्या. चित्रावर तोंड ठेवून बोलू नका. माझ्या पत्नीला हे सांगावं लागलं नाही, देवघरातली पोथी वाचताना ती तोंडाला पदर लावतेच. भिंग नेलं असेल तर आधी विचारा. चित्र जवळ हवं असेल तर स्वतः सरकवू नका, तिथल्या माणसाला सांगा. ते माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या, कडेला दोन्ही हातांनी धरून उचलतात. ते उचलणंच बघण्यासारखं असतं.

बघायचं कसं, तर आधी दहा मिनिटं काही लिहू नका. मग उजेडाच्या बाजूने, तिरपं बघा. घोटलेल्या कागदाची चमक दिसते आणि रंग कुठे जाड बसलाय ते कळतं. काही जुन्या खाक्यांवर बारीक टोचलेली भोकं असतात. कोळशाची पूड त्यातून खाली उतरवून तीच आकृती दुसऱ्या कागदावर घेत. माझी पत्नी ते बघून म्हणाली, “अहो, हा तर आमचा भरतकामाचा खाका!” ट्रेसिंग पेपर सुईने टोचायचा, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने फिरवायची, उशीच्या अभ्र्यावर मोर उमटतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रशाळेचं काम तिला माझ्याआधी उमगलं होतं. म्हणून शक्य असेल तर दोघांनी जा आणि ज्याला चित्रकला 'येत नाही' त्याला आधी बोलू द्या.

बाहेर पडल्यावर घाईने उतरू नका. वरच्या मजल्यावरून अंगणापलीकडे काचेआड रंगांच्या बाटल्यांची कपाटं दिसतात. हा फोर्ब्स यांचा रंगसंग्रह. १९०९ ते १९४४ इथले संचालक असलेल्या एडवर्ड फोर्ब्स यांनी जगभरातून रंगद्रव्यं आणवली, कारण जुन्या चित्रात मूळचं काय आणि नंतर कुणी थापलेलं काय, हे ओळखायला नमुना हाती हवा. आज तिथे २५०० हून अधिक नमुने आहेत आणि त्यांची देखरेख नारायण खांडेकर हे शास्त्रज्ञ करतात. जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराची म्हणून पुढे आलेली काही चित्रं इथे तपासली, तेव्हा त्यांत पोलॉकच्या १९५६ मधल्या मृत्यूनंतर तयार झालेले रंग सापडले.

मी मात्र त्या कपाटांकडे बघत आपली नावं म्हणतो: हिंगूळ, शेंदूर, गेरू, नीळ, काजळी, हरताळ. पोथीत चूक झाली की लेखक त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून ती बुजवत, आणि आपण आजही कुणी केल्या कामावर 'हरताळ फासला' म्हणतो. तो हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं विषारी खनिज. तुमच्यासोबत नातवंडं असतील तर हे त्यांना तिथेच उभं राहून सांगा.

मग खाली अंगणात बाकावर बसा आणि पाहिलेल्यांपैकी एक चित्र आठवणीतून काढा. इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्मरणचित्र असायचं ना, तसंच. रेषा चांगली यायला हवी असं नाही. कुठे अडतं ते बघा. मी हत्ती काढला आणि मागच्या पायाशी अडलो. पाय नेमका कुठून निघतो, ते मी बघितलंच नव्हतं.

म्हणून पुढच्या मागणीत मी सहापैकी एक जागा आधी पाहिलेल्या चित्रासाठी ठेवतो. तोच हत्ती पुन्हा मागवला. या वेळी थेट मागच्या पायाकडे गेलो आणि तिथे, पक्क्या काळ्या रेषेच्या आत, फिकट राखाडी रेषेतला आणखी एक पाय दिसला. चित्रकाराने तो आधी थोडा पुढे काढला होता, मग पांढऱ्याने झाकून मागे घेतला. मी तिथल्या मुलीला बोलावून दाखवलं. ती वाकून बघत राहिली आणि तिने तिच्या वहीत तो क्रमांक लिहून घेतला.