टेक्सासची बीफ चिली घरी कशी करावी आणि सिनसिनाटीची वेगळी कशी

बीफ चिली म्हणजे मिरचीच्या मसाल्यात मंद शिजवलेला गोमांसाचा दाट रस्सा. अमेरिकेत तिची कृती प्रांतागणिक बदलते. टेक्सासमध्ये मात्र तिचा मान वेगळाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत ‘चिली क्वीन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया संध्याकाळी चिली विकत असत. पुढे १९७७ साली ती टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ ठरली. या चिलीचा सगळा भार सुक्या मिरचीच्या वाटणावर असतो. म्हणून डब्यातली तयार पूड न वापरता अख्ख्या मिरच्याच घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

पाच-सहा जणांसाठी खांद्याकडचे एक किलो मांस घेऊन त्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. या भागातले चिवट तंतू मंद आंचेवर विरघळतात आणि रस्सा दाट होतो, त्यामुळे महागडे, बिनचरबीचे मांस येथे उलट कोरडे पडते. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने येथे म्हशीचे मांस घ्यावे आणि शिजायला थोडा जास्त वेळ धरावा.

वाटणासाठी चार अँचो, चार ग्वाहीयो आणि तिखटपणासाठी दोन आर्बोल या सुक्या मेक्सिकन मिरच्या देठ व बिया काढून घ्याव्यात. त्या मिळत नसतील, तर रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी थोडी संकेश्वरी वापरता येते, मात्र अँचोचा मनुक्यासारखा गोडवा त्यात येत नाही. मिरच्या कोरड्या तव्यावर मंद आंचेवर दाबून भाजाव्यात. साल किंचित फुगून मऊ पडली आणि खमंग वास सुटला की लगेच उतरवाव्यात, कारण त्यापुढे काही सेकंदांतच त्या काळवंडतात आणि तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. अर्धा तास गरम पाण्यात भिजवून, पाच-सहा लसूण पाकळ्या व दोन चहाचे चमचे भाजलेले जिरे घालून त्यांचे गंधासारखे बारीक वाटण करावे.

जाड बुडाच्या पातेल्यात चरबी किंवा तेल तापवून मांस थोडे थोडे घालत परतावे. सगळे एकदम घातले, तर पाणी सुटते आणि मांस भाजण्याऐवजी उकडते. तुकडा आपोआप बुडापासून सुटू लागला की तो त्या बाजूने खरपूस झाला असे समजावे. मांस काढून त्याच पातेल्यात बारीक चिरलेला एक मोठा कांदा परतावा, वाटण घालून तेल सुटेपर्यंत भाजावे आणि मग मांस, मीठ, चिमूटभर ओरेगानो व मांस जेमतेम बुडेल एवढे पाणी घालावे. झाकण अर्धवट ठेवून दोन ते अडीच तास मंद शिजवावे आणि शेवटी दोन मोठे चमचे मक्याचे पीठ पाण्यात कालवून लावावे. पारंपरिक टेक्सास पद्धतीत राजमा चालत नाही. टोमॅटोही टाळावा, कारण त्याच्या आंबटपणाखाली मिरचीची चव दबते.

ओहायोतील सिनसिनाटीची पद्धत याच्या अगदी उलट आहे. मॅसेडोनियाहून आलेल्या किराजीफ बंधूंनी १९२२ मध्ये तेथे ‘एम्प्रेस’ हे दुकान सुरू केले आणि या चिलीला त्यांच्या प्रदेशातल्या मसाल्यांचे वळण मिळाले. येथे अर्धा किलो बारीक खिमा परतायचा नसतो. तो सुमारे सहाशे मिलिलिटर थंड पाण्यात हाताने मोकळा करून मगच उकळायला ठेवावा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. त्यात कांदा, लसूण, वाटीभर टोमॅटो सॉस, एक चमचा व्हिनेगर, मिरची पूड, जिरे, दालचिनी, लवंग आणि ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीसारख्या वासाचे वाळवलेले फळ) घालून अडीच-तीन तास शिजवावे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास वर गोठलेली चरबी सहज काढता येते. ही चिली स्पॅगेटीवर ओतून वर किसलेल्या चेडर चीजचा जाड थर देतात, आणि हवा असल्यास चीजखाली कच्चा कांदा किंवा शिजवलेला राजमाही घालतात.