इंदूरच्या स्वयंपाकघरात रोमानियन पापानाश

रोमानियात तळलेल्या पिठाचे प्रकार पुष्कळ आहेत. यीस्टने फुगवलेले गोगोश आणि शंकरपाळ्यांची आठवण करून देणारे मिंचुनेले हे त्यांतले घरोघरचे. परंतु इंदूरच्या मराठी घरात सर्वांत सहज रुजेल तो पापानाश, म्हणजे ताज्या चीजच्या पिठाची तळलेली गोड कडी, कारण त्याचा जीव दह्यात आणि विरजलेल्या सायीत आहे, आणि या दोन्ही गोष्टी घरी तूप कढवणाऱ्यांच्या रोजच्या हातातल्या आहेत.

तिकडे यासाठी ब्रन्झा दे वाच, म्हणजे गायीच्या दुधाचे ताजे, रवाळ चीज वापरतात. श्रीखंडाचा चक्का त्याऐवजी चालेल असे वाटते, पण तो फार ओला असतो, आणि पनीर तळल्यावर चिवट लागते. म्हणून दीड लिटर गायीच्या दुधाचे दही लावावे (माळव्यातील डिसेंबरच्या थंडीत ते रात्रभर उबेत ठेवावे लागते) आणि ते पातेल्यासकट गरम पाण्यात ठेवून, न ढवळता, कडेने पिवळसर निवळी सुटेपर्यंत अगदी मंद आचेवर तापवावे. दही उकळू देऊ नये, नाहीतर ते रबरासारखे होते. नंतर पंच्यात बांधून चार तास टांगावे. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटे कोरडी राहिली की ते तयार झाले.

त्यातले २५० ग्रॅम कुस्करून एक अंडे, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, लिंबाची किसलेली साल आणि लिंबाच्या रसात फसफसवलेला अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा मिसळावा, आणि शेवटी सुमारे १२० ग्रॅम मैदा हलक्या हाताने घालावा. पीठ चिकट राहते, ते तसेच असू द्यावे. हाताला लागते म्हणून मैदा वाढवत गेल्यास पापानाश जड होतात. हातालाच कोरडा मैदा लावून मेदूवड्यासारखी जाड कडी वळावीत आणि प्रत्येकासाठी एक लहान गोळी करावी.

तेल मध्यम तापलेले हवे. इंदूरच्या सराफा बाजारात मावाबाटी (खव्याची तळलेली मिठाई) ज्या संथपणे तळतात, तोच धीर येथे लागतो. आच मोठी असल्यास बाहेरून रंग येतो आणि आत पीठ कच्चे राहते.

वर घालायची स्मंतना म्हणजे विरजलेली घट्ट साय. दोन दिवसांचीच साय घ्यावी, कारण तुपासाठी आठवडाभर साठवलेल्या सायीला उग्र वास येतो. रोमानियात सोबत आंबट चेरीचा किंवा ब्लूबेरीचा मुरंबा असतो; इंदुरात उन्हाळ्यात फालसे मिळतात, त्यांचा गर गाळून साखरेत आटवला की तोच आंबटगोडपणा येतो. गरम कड्यावर साय, त्यावर मुरंबा आणि सर्वांत वर गोळी ठेवून साय वितळण्याआधी वाढावे.