घटपर्णीच्या कुंडीत माती का नसावी

घटपर्णी विकत घेताना आपले सगळे लक्ष तिच्या लोंबणाऱ्या घटांकडे असते, कुंडीत काय भरले आहे याकडे सहसा जात नाही. माझे पहिले रोप याच दुर्लक्षामुळे गेले. गुलाबाला जे मानवते ते हिलाही मानवेल, अशा समजुतीने मी ते लाल माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड यांच्या मिश्रणात लावले होते. तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या आणि रोप उपसून पाहिले तेव्हा मुळांची साल चिमटीत निसटून हातात आली.

या वनस्पतीचे पोट पानाला असते. पानाची मधली शीर टोकाबाहेर तणाव्यासारखी वाढते आणि तिच्या शेवटाला झाकण असलेला घट फुगतो. त्याचा काठ ओला झाला की इतका निसरडा होतो की मुंगी सरळ आतल्या पाचक द्रवात पडते आणि नत्र व स्फुरद यांची मोठी गरज तिथूनच भागते. मुळांकडे मुख्यतः पाणी शोषण्याचे आणि रोप धरून ठेवण्याचे काम उरते. त्यांना खतातले क्षार सोसत नाहीत, आणि भोवती हवा खेळती नसेल तर ती कुजतात. आपल्या कास पठारावर पातळ, निकस मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती कीटकांवर का जगतात, याचे उत्तरही हेच आहे.

भारतात नैसर्गिकरीत्या उगवणारी घटपर्णीची जात एकच, मेघालयातील नेपेंथेस खासियाना. दक्षिण गारो हिल्समधील बाघमारा येथे तिच्यासाठी राखीव अभयारण्य आहे आणि दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आळा घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश असल्याने जंगलातून उपटलेले रोप घेण्याचा विचारही करू नये. रोपवाटिकेत वाढवलेली रोपेच घ्यावीत. नवख्या माणसाने खासियाना किंवा बाजारात सर्रास मिळणारा व्हेंट्राटा हा संकर निवडावा, कारण दोन्ही मुंबईचा उकाडा आणि पुण्याची थंडी बऱ्यापैकी सोसतात. ॲम्पुलारिया किंवा बायकॅल्करॅटा या सखल प्रदेशातील जातींना रात्रीही २० अंशांच्या आसपास ऊब लागते, त्यामुळे त्या कोकणपट्टीत रमतात. थंड डोंगरमाथ्यावरच्या जाती मात्र एसीशिवाय आपल्याकडे जगवणे हा महागडा हट्ट आहे.

मिश्रणाचा मूळ पाया म्हणजे पाणी धरून ठेवणारे स्फॅग्नम शेवाळ, परलाइट (भाजून फुगवलेले ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे) आणि नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे. सोबत थोडा लोणारी कोळसा चुरून घालावा. प्रमाण मात्र आपल्या गावच्या हवेवर आणि आपल्या हातावर ठरवावे. मुंबई आणि कोकणातील दमट हवेत मी मापाने सोडणाचे दोन भाग, शेवाळाचा एक आणि परलाइटचा एक भाग घेतो, म्हणजे पावसाळ्यातही पाणी तुंबत नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा कोरड्या ठिकाणी शेवाळाचे दोन भाग आणि बाकीच्यांचा एकेक भाग ठीक पडतो. ज्यांना येता-जाता झारी फिरवण्याची सवय आहे, त्यांनी कोरड्या गावातही पहिलेच प्रमाण वापरावे. बारीक कोकोपीट, म्हणजे सोडणाचा भुसा, स्वस्त असले तरी एकट्याने वापरू नये. ते काही महिन्यांत दबते आणि मुळांभोवती चिखलाचा गोळा होतो. परलाइटची धूळ छातीत जाऊ नये म्हणून पिशवी फोडताच त्यावर पाणी शिंपडावे.

सोडणाचे तुकडे मात्र धुतल्याशिवाय वापरू नयेत, कारण त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. मी ते बादलीत रात्रभर भिजत घालतो. पहिल्या सकाळी पाणी कोऱ्या चहासारखे गडद असते, ते ओतून पुन्हा भरतो, आणि चार-पाच दिवसांनी रंग फिकट पडला तरी त्यावर विसंबून राहत नाही. पाण्यातील विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर पेनाएवढे असते. तुकडे रात्रभर ज्यात भिजले त्या पाण्याचा आकडा ताज्या पाण्याच्या आकड्याजवळ येईपर्यंत मी धुणे थांबवत नाही.

सिंचनाच्या पाण्यालाही हाच न्याय लावावा. टीडीएस ५० पीपीएमच्या (दर दहा लाख भागांतले भाग) आत असेल तर उत्तम, १०० पर्यंत चालते. देशावरच्या बोअरचे पाणी बहुधा याच्या कितीतरी पुढे जाते. पावसाचे पाणी साठवावे किंवा आरओ यंत्रातून गाळलेले पाणी द्यावे. त्या यंत्रातून नळीने बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी झाडांना देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यात क्षार अधिक दाट झालेले असल्यामुळे घटपर्णीला ते कधीही देऊ नये. मिश्रण ओलसर असावे: वरचे शेवाळ चिमटीत दाबल्यावर बोट ओले व्हावे, पण थेंब गळू नये. कुंडी पाण्याच्या बशीत उभी ठेवू नये. भरपूर भोके असलेली प्लॅस्टिकची टांगती कुंडी सर्वांत सोयीची.

जागा अशी निवडावी की सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि नंतर भरपूर उजेड मिळेल. एप्रिल-मेमध्ये ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. पाने हिरवीगार असूनही तणाव्याच्या टोकाशी घट फुगत नसतील, तर बहुतेक वेळा उजेड किंवा हवेतला दमटपणा कमी पडत असतो, आणि तो दोष खत घालून दूर होत नाही. घटात मटणाचे तुकडे टाकू नयेत, ते कुजतात आणि घटही काळा पडतो. बाल्कनीतल्या मुंग्या पुरेशा असतात.

दीड-दोन वर्षांनी शेवाळ कुजून मऊ पडते, तेव्हा मिश्रण बदलावे; त्यासाठी पावसाळ्याची सुरुवात मला सोयीची वाटते. मुळे केसासारखी बारीक, ठिसूळ आणि मुळातच काळी असतात, म्हणून काळ्या रंगाला घाबरून ती कापू नयेत. कुजलेले मूळ दाबताच लिबलिबीत लागते, निरोगी मूळ ताठ राहते. रोप जुन्या गोळ्यासकट उचलावे, सहज सुटेल तेवढेच मिश्रण झटकावे आणि नवे मिश्रण भोवती न ठासता सैल भरावे. त्यानंतर महिना-दोन महिने नवा घट आला नाही तरी कुंडी पुन्हा उकरून पाहू नये.